‘आमची माती’ : कोणाची?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा राज्यात दुष्काळ होता आणि लाखो मजूर दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. पुढे त्या एकाच वाहिनीने महाराष्ट्राची संध्याकाळ बसवली : शेतीला ‘आमची माती, आमची माणसं’, विनोदाला ‘गजरा’, साहित्याला ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, सिनेगीतांना ‘छायागीत’. प्रत्येकाला काहीतरी, असा सरकारी हिशेब.

‘गजरा’शी माझे भांडण नाही, करमणुकीने करमणूक केली. माझा आक्षेप ‘आमची’ या शब्दाला आहे. बी, खत, फवारणीचा सल्ला ऐकणाऱ्याच्या नावावर सातबारा आहे, हे तेथे आधीच धरलेले असे. रहिमतपुरात माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या आया दुसऱ्याच्या आल्याच्या रानात खुरपतात. त्यांनी या सल्ल्याचे करायचे काय? १९५८च्या कायद्याने महारवतने गेली. जमीन आधी सरकारजमा, मग कब्जेहक्काची रक्कम भरील त्याला परत. ती रक्कम आणायची कुठून, हा शेतीचाच प्रश्न होता. खुरपणीची मजुरी हाही शेतीचाच. मी लहानपणापासून पाहिलेल्या भागांत मात्र रोग पडे तो पिकावरच. मजुराचे दुखणे ‘समाजकल्याण’ खात्याकडे, म्हणजे दुसऱ्या कार्यक्रमाकडे.