झाक काढा, वर्ण राहू द्या

आजचा विषय ऐकायला तांत्रिक आहे: माणसांच्या फोटोंतली रंगाची झाक आणि व्हाइट बॅलन्स. पण सुरुवात आम्ही भिंतीवरच्या एका फोटोपासून करणार आहोत.

खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही फोटो काढायला गेलो होतो. एका घरात आजीचा हार घातलेला फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेल्या छोट्या फोटोवरून तो मोठा करून आणलेला. आजी गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा तिचा तेवढाच एक फोटो घरात निघाला. मोठा करणाऱ्याने मागे निळं आकाश टाकलं होतं, साडीला रंग चढवला होता आणि चेहरा चांगला गोरा करून दिला होता. आम्ही सवयीने म्हणालो, छान आलाय. नात म्हणाली, "छान हाय. पण आजी अशी नव्हती."

हा फोटो ज्याने केला त्याला विचारलं, तर तो सरळ सांगेल की कलर करेक्शन केलंय. आमची तक्रार आहे ती या शब्दाच्या वापराबद्दल. कारण करेक्शन म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती चुकीची करतात. मग आजीच्या चेहऱ्यात चूक कोणती होती?

आधी झाक म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २८०० केल्व्हिनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, ढगाळ दिवसाचा ६५००, आणि सावलीतला, म्हणजे निळ्या आकाशाकडून येणारा, ७००० ते ८००० पर्यंत. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा. आपला डोळा हे फरक आपोआप पचवतो. पांढरं सदरं बल्बखालीही आपल्याला पांढरंच दिसतं. कॅमेऱ्याला मात्र सांगावं लागतं की बाबा रे, इथे पांढरं म्हणजे हे. तो हिशेब म्हणजे व्हाइट बॅलन्स. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या दोन पट्ट्या असतात. एक निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी, दुसरी हिरव्याकडून मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे. पुष्कळ जण पहिल्या पट्टीत गोंधळतात. केल्व्हिनचा आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण तुम्ही सांगता की प्रकाश निळा होता, आणि सॉफ्टवेअर त्यावर पिवळ्याची भर घालतं.

आता आपल्या भागात या. कर्जत-खालापूरचा पावसाळा म्हणजे सगळीकडे हिरवं. भाताच्या खाचरात उभ्या माणसाचा फोटो काढला, की ऑटोवर ठेवलेला कॅमेरा फसतो. त्याचा जुना, सोपा हिशेब असा, की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यायला हवी. इथे सरासरी येते हिरवी. मग तो हिरवं कापायला जातो आणि मॅजेंटा वाढवतो. शेत मळकट होतं आणि माणसाचा चेहरा जांभळट. आजचे कॅमेरे शहाणे झालेत, तरी पूर्ण सुटलेले नाहीत. याच्या उलट दाट झाडाखाली उभं केलं, तर पानांतून गाळून आलेला प्रकाश चेहराच हिरवा करतो. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, दोन उलट्या चुका.

माथेरानला चला. तिथली जांभ्याची लाल माती खालून प्रकाश फेकते. हनुवटी, गळा, नाकाखालचा भाग तांबडा होतो. कॅमेरा ते लाल खोडायला जातो, आणि कपाळ राखाडी पडतं. इथे अख्ख्या चित्राला एकच उपाय चालत नाही. आधी कपाळ बरोबर करायचं, मग फक्त गळ्याचा भाग निवडून तिथला लाल थोडा उतरवायचा. थोडाच. सगळा उतरवला तर माणूस माथेरानला उभा होता हेच चित्रातून जातं.

तिसरी जागा, पडवीवर ताणलेली निळी ताडपत्री. पावसाळ्यात वाड्यावाड्यांवर ती असतेच. तिच्याखालचा चेहरा निळा येतो, आणि इथे सॉफ्टवेअरही हात टेकतं. कातडीचा रंग मुख्यतः लाल-पिवळ्यावर उभा असतो, आणि ताडपत्रीतून तोच प्रकाश फार थोडा येतो. जो रंग प्रकाशातच नव्हता तो स्लायडर कुठून आणणार? ओढून आणला तर चेहऱ्यावर नुसते रंगीत दाणे उठतात. उपाय साधा आहे. माणसाला दोन पावलं पुढे, पडवीच्या कडेला बसवा. काही दुरुस्त्या पायाने करायच्या असतात, माउसने नव्हे.

आणि हळद! लग्नाच्या हळदीत सगळी चौकटच पिवळी. कॅमेरा निळं ओततो, हळद लिंबाच्या सालीसारखी फिकी पडते. त्यात अल्बम करणारा उरलेलं पिवळं चेहऱ्यावरून पुसतो. अहो, ती झाक नव्हे, ती हळद आहे!

इथवर चुका यंत्राच्या होत्या. आता माणसांच्या चुकांकडे येऊ.

पहिली गोष्ट नीट लक्षात घ्या. माणसाची कातडी कुठल्याही वर्णाची असो, तिचा मूळ रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात पडतो. व्हिडिओवाल्यांच्या व्हेक्टरस्कोपवर त्यासाठी एक रेघच असते, आणि गोरे, सावळे, काळे, सगळे चेहरे त्या रेघेच्या आसपास येतात. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा, म्हणजे किती गडद आणि किती फिका. आता व्हाइट बॅलन्स रंग हलवतो, उजेड जवळजवळ नाही. म्हणून झाक काढल्यावर सावळा माणूस सावळाच राहायला हवा. काढता काढता तो गोरा झाला, तर समजा की कुणीतरी दुसऱ्याच पट्टीला हात लावला. आणि त्या कामाला करेक्शन म्हणू नका. ती आवड आहे, किंवा धंदा आहे.

यात सगळा दोष तालुक्याच्या स्टुडिओवाल्याचा, असं आम्ही म्हणणार नाही. त्याच्या हातात हत्यारंच तशी आली. कोडॅकची शर्ली कार्डं प्रसिद्ध आहेत. छापखान्यात रंग जुळवण्यासाठी नमुना म्हणून गोऱ्या बाईचा फोटो यायचा, आणि तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर, असं ठरलेलं. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लिहिलं. गडद चेहरे त्या फिल्मवर नीट उतरत नाहीत ही तक्रार होतीच, पण कंपनीवर दबाव आणणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचरची जाहिरात करणारेही होते, हे त्यांनी नोंदवलंय. गुगलने फोनच्या कॅमेऱ्यात गडद वर्णासाठी 'रिअल टोन' नावाने सुधारणा आणल्या त्या २०२१ साली. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलायला २०२० उजाडलं. नाव बदललं, पण फोनमधलं चेहरा उजळणारं बटण आहे तिथेच आहे.

आता दुसऱ्या बाजूची टीका, आणि ती आमच्यासारख्यांवर. शहरातून वाड्यांवर येणारे हौशी छायाचित्रकार नेमकं उलटं करतात. सुरकुत्या कोरून काढायच्या, चेहरा होता त्याहून काळा करायचा, वर तांबूस-नारिंगी रंग चढवायचा, पार्श्वभूमी काळीकुट्ट. शीर्षक, 'मातीची माणसं'. प्रदर्शनात हे फोटो दाद घेतात. आम्हीही असे केलेत, आमच्या जुन्या पेटीत पुरावे आहेत. वीटभट्टीवरच्या एका बाईचा फोटो आम्ही इतका तांबडा केला होता, की वीट कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळेना. तेव्हा त्याला आम्ही 'मूड' म्हणायचो. स्टुडिओवाल्याने आजीला गोरी केलं, आम्ही त्या बाईला वीट केलं. दोघांनीही समोरच्या माणसाला विचारलं नव्हतं.

मग करायचं काय? शक्य तर रॉमध्ये काढा, जेपेगमध्ये झाक पक्की बसते. पहिल्या फोटोत माणसाच्या हातात करडं कार्ड द्या आणि आयड्रॉपर त्यावर टेकवा. कार्ड नसेल तर पांढऱ्या टोपीवर टेकवायचा मोह होतो, पण आपल्याकडे टोपीला नीळ दिलेली असते. सॉफ्टवेअर त्या निळसर पांढऱ्याला खरं पांढरं समजतं आणि चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा होतो. उन्हात पूर्ण पांढराफटक पडलेला भागही निवडू नका, त्यात रंगाची माहितीच उरलेली नसते. दारातून ऊन आणि आत बल्ब असेल, तर बल्ब बंद करा. आणि शेवटी, काढलेला फोटो त्या माणसाच्या शेजारी धरून बघा. याहून चांगला मॉनिटर अजून निघालेला नाही.

तर ती आजी. आम्ही मूळ छोटा फोटो मागून घेतला, स्कॅन केला. त्यात खरंच झाक होती: ट्यूबलाइटची हिरवट, आणि वर कागद जुना झाल्याची पिवळी. दोन्ही काढल्या. उजेडाला हात लावला नाही. चेहरा सावळाच राहिला, फक्त आजारी दिसत होता तो दिसेनासा झाला. छापून नेऊन दिला. नातीने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "ही आजी. पण मागं ते आभाळ होतं ना, ते परत टाका. तिला आवडलं असतं."

आम्ही आकाश टाकून दिलं. निळं, अगदी खोटं. पण ते त्यांनी मागितलं होतं, आणि आजीचा चेहरा त्यात आजीचाच होता.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.