जुनी हत्यारे निकामी झाल्यानंतर : पीएसपीचे कस्टम फर्मवेअर आणि मार्गदर्शक लेखनाची चिकित्सा

यंत्र विकत घेतले म्हणजे ते संपूर्णपणे आपले झाले, ही समजूत संगणकपूर्व काळातील आहे. आजच्या यंत्राच्या तळाशी फर्मवेअर नावाचा आज्ञावलींचा एक थर असतो आणि तो लिहिण्याचा अधिकार उत्पादक सहसा स्वतःकडे राखून ठेवतो. तालुक्याच्या बाजारपेठेतील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून द्या’ असे जे सहज म्हटले जाते, त्यात याच थराला हात घातलेला असतो; मात्र त्या वेळी नेमके काय घडते, हे ग्राहकाला कळत नाही आणि पुष्कळदा दुकानदारालाही त्याचे कारण सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल अर्थात पीएसपी या हातात धरून खेळावयाच्या यंत्राचे उदाहरण घेऊन, अशा अद्ययावतीकरणाविषयीच्या मार्गदर्शक लेखनाचे स्वरूप तपासले आहे.

पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. त्याचे १.०० हे आरंभीचे फर्मवेअर कंपनीची सही नसलेल्या आज्ञावलीही चालवीत असे. १.५० मध्ये ही वाट बुजवण्यात आली, तरी २००५ मध्येच तीतून फट सापडली. पुढे कंपनीने नवी आवृत्ती काढावी आणि हौशी प्रोग्रामरांनी तिच्यातील दोष हुडकावा, असा क्रमच पडला. २.०० मध्ये टिफ प्रकारची चित्रे उघडण्यातील दोषाचा उपयोग करून यंत्र पुन्हा १.५० वर नेले जाऊ लागले. २००६ पासून डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या प्रोग्रामरने मूळ फर्मवेअरमध्ये फेरफार करून ‘कस्टम फर्मवेअर’ प्रसृत केले. प्रत्येक साधन विशिष्ट आवृत्तीपुरतेच उपयोगी होते. २.०० साठीचा उपाय त्यापुढील आवृत्तीवर हाती घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येई.

हे असे का व्हावे? कस्टम फर्मवेअर मूळ प्रणालीच्या गाभ्यातील ठराविक जागी बदल करते. त्या जागांचे पत्ते आणि गाभ्यातील कार्यांचे ओळखक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. घराचे क्रमांक बदललेल्या गल्लीत जुनी यादी घेऊन फिरणाऱ्या पोस्टमनसारखी जुन्या साधनाची अवस्था होते. ६.६० साठी बांधलेले ‘प्रो’ हे कस्टम फर्मवेअर २०१५ मध्ये आलेल्या ६.६१ वर चालले नाही, त्यासाठी वेगळी बांधणी करावी लागली, याचे कारण हेच. एवढे कळले की साधन नादुरुस्त झालेले नाही, त्याचा संदर्भ सरला आहे, हे उमगते.

परंतु या विषयावरील बहुसंख्य मार्गदर्शक लेखनात हे एवढेच नेमके नसते. त्याची क्रियापदे जवळजवळ सर्वत्र आज्ञार्थी आहेत : उतरवा, फोल्डरात ठेवा, अमुक बटण दाबा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘अन्यथा’ ही अव्यये शोधावी लागतात. परिणामी मार्गदर्शिका तिच्या साधनाबरोबरच मरते. वाचकापाशी उरते ती पाठ केलेली कृती. आणि आवृत्ती बदलताच ती कृती घातकही ठरू शकते, कारण फर्मवेअर लिहिले जात असताना वीज तुटली किंवा चुकीची फाइल गेली तर यंत्र सुरूच होत नाही. कृती देणे आणि ज्ञान देणे यांतील हा भेद अध्यापन करणाऱ्यांना नवा नाही. प्रयोगवहीतील ‘कृती’ घोटून ‘तत्त्व’ गाळणारा विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतो.

याला एक ठळक अपवाद आहे. २००७ मध्ये पुढे आलेल्या ‘पँडोरा बॅटरी’त बॅटरीमधील अनुक्रमांक बदलला की पीएसपी दुरुस्ती केंद्रासाठी राखलेल्या अवस्थेत जात असे आणि अंतर्गत स्मृती बाजूला ठेवून मेमरी स्टिकवरून सुरू होत असे. बंद पडलेले यंत्रही त्यामुळे जिवंत करता येई. नव्या साधनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे, असे हे परतीच्या वाटेचे साधन होते. कंपनीलाही ते कळले असावे. पीएसपी-२००० च्या उत्तरकालीन मदरबोर्डांवर आणि २००८ च्या पीएसपी-३००० वर ही वाट बंद झाली. परिणामी ३००० वर ‘प्रो’ कायमचे बसवता येत नसे. यंत्र पूर्ण बंद करून सुरू केले की ते पुन्हा कार्यान्वित करावे लागे.

घोडेगावहून मंचर, नारायणगाव करीत जुन्नर तालुक्यातील खोडदला गेल्यास याच प्रश्नाचे एक निराळे उत्तर पाहावयास मिळते. तेथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप अर्थात जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. २०१० च्या दशकात तिचे संग्राहक आणि संकेतप्रक्रियेची यंत्रणा बदलण्यात आली. ३२ मेगाहर्ट्झची पट्टरुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. विशेष म्हणजे हे काम जुनी यंत्रणा चालू ठेवून, तिच्या जोडीने नवी उभारून केले गेले. नव्या यंत्रणेत संकेतांचे गणित जीपीयू करतात, आणि जीपीयूची वाढ मुख्यतः संगणकीय खेळांच्या चित्रांसाठी झाली, हा योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. अर्थात तुलनेला मर्यादा आहे. खोडदच्या अभियंत्यांपाशी आराखडे होते, अधिकार होता, संस्था होती. पीएसपीधारकापाशी यांतले काहीच नव्हते. म्हणूनच त्याच्यासाठी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी अधिक मोठी होती.

या व्यवहाराची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. कस्टम फर्मवेअरचा फार मोठा वापर खेळांच्या चोरट्या प्रती चालवण्यासाठी झाला, आणि तो समर्थनीय नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे शिक्षापात्र ठरवते. कायद्याने स्पष्टपणे न निषेधलेल्या प्रयोजनासाठी मात्र ते सूट देते. आपल्या मालकीचे जुने यंत्र उपयोगात ठेवणे आणि दुसऱ्याची कृती फुकट लाटणे, यांतील सीमारेषा म्हणजे हेतू होय. मार्गदर्शिकांनी ही रेषा क्वचितच दाखवली. पुष्कळदा सुरुवातीला एका ओळीचा इशारा आणि पुढे सर्रास उलट आचरण, असा प्रकार आढळतो.

पीएसपीची विक्री २०१४ च्या सुमारास थांबली. ‘प्रो’चा स्रोत गूगल कोड या संकेतस्थळावर खुला होता, ते संकेतस्थळही २०१६ मध्ये बंद झाले. तरीही खुल्या स्रोताच्या प्रती अन्यत्र गेल्या होत्या आणि पुढील प्रोग्रामरांना तो वाचता आला. २०२० नंतर वापरात आलेले ‘आर्क-४’ ६.६० व ६.६१ या दोन्हींवर चालते आणि त्याचाही स्रोत उपलब्ध आहे. मूळ बॅटऱ्या आता फुगू लागल्या आहेत, आणि त्यांवर कोणत्याही फर्मवेअरचा इलाज चालत नाही.