कच्चें मडकें आणि चाळीस दिवस

धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें गोरोबाकाकांची समाधि आहे. थापटणें हातीं घेऊन संतांच्या मस्तकांची मडक्यांप्रमाणें पारख करणारे काका, आणि कच्चे ठरल्यामुळें रुसलेले नामदेव, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. नामदेवांपाशीं भक्तीची वाण नव्हती. उणीव होती ती स्वतःस पूर्णपणें सोपविण्याची. विठ्ठल आपला जिवलग, हा अभिमान मध्यें उभा होता, आणि तो विसोबा खेचरांच्या भेटीनंतर गळला. धार्मिक काव्याच्या टीकाकारासही हें थापटणें उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. आज तें रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्तभक्तिपर कवितेवर चालवून पाहूं.

प्रसंग ख्रिस्ती उपवासकाळाचा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, हे चाळीस दिवस भरतात. येशूनें रानांत निराहार काढलेल्या दिवसांची ही आठवण होय. अनेक पंथांत पहिल्या दिवशीं कपाळीं राख लावतात, आणि वस्त्रें न फाडतां अंतःकरण फाडा, हा योएल संदेष्ट्याचा उपदेश वाचतात. म्हणजे व्रताच्या आरंभींच व्रताच्या बाह्यांगावर टीका! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या समाजास तिचें मर्म सांगावयास नको. अन्न सोडणें सोपें. अंतःकरण दुसऱ्याच्या हवालीं करणें कठीण.

हें कठीण काम मराठींत कोणत्या शब्दांनीं सांगावें, हा टिळकांपुढील खरा प्रश्न होता. मिशनरी काळांतील पुष्कळ भाषांतरित गीतें परक्या चालींच्या मापांत मराठी शब्द कोंबीत. तेथें 'विश्वास' म्हणजे एखादें मत मान्य करणें एवढाच अर्थ उरे. टिळकांनीं (१८६१–१९१९) १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. म्हणून त्यांनीं अभंग आणि ओवी हीं आपल्या घरचीं साधनें उचललीं, ख्रिस्तास माउली व गुरू म्हटलें, आणि विश्वासाच्या जागीं 'भाव' आणला. मत बुद्धीनें मानतां येतें. भाव ठेवावयास हृदयच लागतें. मराठी ख्रिस्ती उपासनेस टिळकांनीं दिलेली ही देणगी अमोल आहे.

तथापि थापटण्याचा आवाज सर्वत्र सारखा खणखणीत येत नाहीं. टिळकांचा भाव कधीं कधीं फार लवकर विसांवा पावतो. गेथशेमाने बागेंत स्वतः येशूनें दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि मगच पित्याच्या इच्छेस मान तुकविली. ही मधली ओढाताण हेंच उपवासकाळाचें हृदय. टिळकांच्या पुष्कळ गीतांत शरण जाण्याचा गोडवा आहे; शरण न जाणाऱ्या मनाची धडपड मात्र क्वचितच दिसते.

ती पाहावयाची असेल तर लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' उघडावीं. पतीच्या धर्मांतरानें कोसळलेली ही बाई पुढें त्यांच्याजवळ राहावयास आली, ती आपलें सोंवळें संभाळूनच. पाणी कोणाचें प्यावें हा तिचा प्रश्न पोथींतला नव्हता, रोजच्या घागरींतला होता. जातिभेद देवानें केला नसून माणसानें केला, हें तिला एका क्षणीं उमगलें आणि तिनें विटाळ टाकला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. हातची घागर सुटली तेव्हां हृदयही सुटलें. येथें कोणताही सिद्धांत मांडलेला नाहीं. आपल्या हट्टास हसत हसत ती सारें सांगते, आणि म्हणूनच तिचें सांगणें पक्कें वाजतें.

टिळकांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें, आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. ह्या घटनेंत आम्हांस दोघांच्या वाङ्मयाचा न्याय दिसतो. एकानें भावास शब्द दिला, दुसरीनें त्या शब्दास आंच दिली. उपवासकाळांत टिळकांचीं गीतें अवश्य गावीं. परंतु शेजारीं 'स्मृतिचित्रें' असूं द्यावींत. मडकें चाकावर सुबक होतें खरें, पण पाणी धरूं लागतें तें आव्यांतून निघाल्यावरच.