पुसलेले नाव आणि वाचकाचा अन्वय

संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो आणि त्यातून अर्थनिष्पत्ती होते, हे वोल्फगांग इझरचे प्रतिपादन सुपरिचित आहे. परंतु प्रत्येक रिक्त जागा भरण्यासाठीच असते काय? हिदेताका मियाझाकी दिग्दर्शित ‘डार्क सोल्स’ (२०११) या व्हिडिओ गेमच्या निमित्ताने हा प्रश्न विचारता येतो. त्यातील पूर्वकथा शस्त्रे, अंगठ्या इत्यादींच्या त्रोटक वर्णनांत विखुरलेली आहे. सूर्याधिपती ग्विनच्या ज्येष्ठ पुत्राचे देवत्व गेले आणि इतिहासातून तो पुसला गेला, असे त्यांतून कळते. सूर्योपासक योद्धा सोलेअर हाच तो पुत्र, असा तर्क अनेक चाहत्यांनी साधार मांडला. तिसऱ्या भागात (२०१६) ड्रॅगनांशी सख्य केलेला एक राजा अवतरला आणि तो तर्क बहुतेकांनी सोडून दिला. मात्र हा राजाही निनावीच आहे. म्हणजे व्यक्ती सापडली, तरी नाव सापडले नाही. कारण येथील मौन ही केवळ निवेदनातील फट नसून कथेतल्या सत्तेने दिलेली शिक्षा आहे. तिला कोडे मानणारा वाचक ‘तो कोण?’ एवढेच विचारतो. ‘नाव कोणी पुसले, आणि का?’ हा संहितेचा खरा प्रश्न मात्र त्याच्या उत्तरानंतरही शिल्लक राहतो.