जनमताचा प्रकाश आणि मोजणीबाहेरचे नागरिक

समाजमाध्यमांवर व्यक्त होणाऱ्या राजकीय भावनांचे मोजमाप करून ते सार्वजनिक ठिकाणच्या दिव्यांच्या रंगांतून दाखविणे, हा एकविसाव्या शतकातील कलाव्यवहारात रुजू पाहणारा प्रकार होय. अशा प्रकाशशिल्पांची चर्चा बहुधा त्यांच्या दृश्य परिणामापुरती होते. प्रस्तुत लेखात मात्र तो रंग नेमका कोणाच्या मनाचा, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्यांचा विचार करावयाचा आहे.

नेदरलँड्समधील डूटिन्खेम या गावी क्यू. एस. सेराफाइन हा कलावंत आणि लार्स स्पाउब्रूक हा वास्तुरचनाकार यांनी १९९८ ते २००४ या काळात ‘डी-टॉवर’ साकारला. रहिवाशांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांवरून प्रेम, आनंद, भीती व द्वेष यांपैकी प्रबळ ठरणाऱ्या भावनेचा रंग हा मनोरा रात्री धारण करी. येथे निदान प्रश्न कोणाला विचारला, हे सांगता येते. लंडनमध्ये २०१२च्या ऑलिंपिकच्या वेळी ‘लंडन आय’ हे महाचक्र ट्विटरवरील मजकुराच्या भावनांनुसार उजळविण्यात आले, तेव्हा हा आधार सुटला. विषय क्रीडेचा होता. पण पद्धत तीच, जी राजकीय भावनांसाठी वापरली जाते. माइक थेलवॉल यांच्या ‘सेंटिस्ट्रेंग्थ’ या संगणकप्रणालीत शब्दांना गुण ठरवून दिलेले असतात व त्यांवरून वाक्याचा कल काढला जातो. जे लिहीत नाहीत, ते या हिशेबात नाराजही नसतात आणि संतुष्टही नसतात. याउलट त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर निळा-लाल प्रकाश चढत गेला तो अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालांचा होता. त्यामागे मतपत्रिका होत्या, म्हणून तो अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

ही पद्धत नवापूरला लावून पाहिली म्हणजे तिची मर्यादा स्पष्ट होते. ज्या गावचे रेल्वेस्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे, तेथे मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती व मराठी शेजारीशेजारी बोलल्या जातात. येथील आदिवासींची कोकणी गोव्याच्या कोकणीहून निराळी. यंत्राला नावावरून हा भेद कळणार नाही. २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाचे भाषक १ कोटीहून अधिक नोंदले गेले. तरीही हा गट आठव्या अनुसूचीत नाही. मराठीचीही गत फार वेगळी नाही. ‘काय छान रस्ते केलेत!’ या उद्गारातील ‘छान’ला शब्दसूची खुशाल अनुकूल गुण देईल. आपल्याकडे राजकारणावरचे निम्मे बोलणे याच चालीचे असते.

महाराष्ट्राने अशा प्रकाशाचा एक प्रयोग कलावंताविना अनुभवला आहे. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरांतील दिवे मालवून पणत्या, मेणबत्त्या लावण्यात आल्या. समाजमाध्यमांवर या आवाहनाचा प्रसार आणि त्यावरचा वाद दोन्ही जोरात होते. सर्वांनी एकदम दिवे मालवू नयेत, असे राज्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सुचविले होते. चिंता वीजजाल कोसळण्याची होती. देशाची मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज असताना ती ३१,०८९ मेगावॉटने घटली. जलविद्युत केंद्रांच्या साहाय्याने तोल सांभाळला गेला.

मागणीचा तो आलेख हे राजकीय भावनेचे देशव्यापी प्रकाशचित्रच म्हणता येईल. परंतु श्रद्धेने दिवा मालविणारा आणि शेजाऱ्यांच्या धाकाने मालविणारा, हे त्यात एकसारखेच दिसतात. आवाहन नाकारून दिवा चालू ठेवणारा निदान आलेखात शिल्लक राहतो. ज्याच्या घरी वीजजोडणीच नाही, त्याचा होकार वा नकार मात्र कोठेच उमटत नाही. आलेख वाचणाऱ्याला तो घटक शोधताही येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रकाशशिल्पांचा खरा दोष येथे आहे. थोड्यांच्या बोलण्याची सरासरी काढून तिने संपूर्ण मनोरा रंगविला जातो आणि पाहणारा तिलाच गावाचे मन समजतो.

यावर उपाय तंत्राचा नसून रचनेचा आहे. नवापुरात कधी शंभर दिव्यांचा असा स्तंभ उभारावयाचा झाल्यास, शंभर प्रौढांपैकी जेवढ्यांचे बोलणे मोजले गेले तेवढेच दिवे रंगीत व्हावेत. उरलेले दिवे बंद ठेवावेत आणि मोजलेल्या भाषांची नावे स्तंभाच्या पायथ्याशी लिहावीत. आठच दिवे लागले तर स्तंभ देखणा दिसणार नाही. प्रायोजक मिळणेही कठीण. पण बंद असलेल्या ब्याण्णव दिव्यांकडे पाहून मावची बोलणारी बाई ‘यात आमचे कोणते?’ असे विचारू शकेल, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे स्तंभ उभारणाऱ्यास भाग पडेल.