आप्त कोणाला म्हणायचं?

आज एकाच पुस्तकाविषयी बोलतो. लुंग उंग यांचं 'फर्स्ट दे किल्ड माय फादर', प्रसिद्ध झालं २००० साली. त्यावरचा अँजेलिना जोलीचा २०१७ चा चित्रपट काहींनी पाहिला असेल.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्यानं कंबोडियाची राजधानी प्नॉम पेन्ह घेतली आणि अख्खं शहर रिकामं करायला लावलं. लुंग तेव्हा पाच वर्षांची होती. वडील आधीच्या सरकारात अधिकारी. ओळख पटली की मरण ठरलेलं. जानेवारी १९७९ पर्यंत देशातली अंदाजे १५ ते २० लाख माणसं उपासमार, रोग, अतिश्रम आणि हत्या यांत गेली. मुलांना शिकवलं जाई, की 'आंगकार', म्हणजे संघटना, हीच तुमची आई आणि हाच तुमचा बाप.

या पुस्तकावर एक आक्षेप घेतला गेला, आणि तो कंबोडियन वंशाच्या वाचकांकडूनही आला: पाच वर्षांच्या मुलीला इतकं बारीकसारीक आठवेल कसं? प्रश्न रास्त आहे. लेखिकेनं सगळं वर्तमानकाळात, मुलीच्या तोंडून सांगितलंय. पण राजकारण समजावणारी वाक्यं आली, की आवाज मोठ्या बाईचा येतो. तिथं पुस्तक करकरतं. चित्रपटात मूल नुसतं बघत राहतं, फारसं स्पष्टीकरण नाही, म्हणून तिथं ही अडचण कमी जाणवते.

आता दुसरी बाजू बघा. चिखलात रुतलेली गाडी काढायची आहे म्हणून सैनिक वडिलांना घेऊन जातात. ते परत येत नाहीत. पुढे आई मोठ्या मुलांना सांगते, वेगवेगळ्या दिशांना जा, आम्ही अनाथ आहोत असं सांगा. मुलीला वाटतं, आईला आपण नकोच आहोत. तिला आईचा राग येतो, आणि मोठेपणी लिहिताना लेखिका तो राग पुसून टाकत नाही. नंतर आई आणि धाकटी बहीणही नेली जाते. हे मृत्यू लुंगनं पाहिलेले नाहीत. ती ते कल्पनेनं लिहिते, आणि ही कल्पना आहे हे वाचकापासून लपवत नाही.

माझं म्हणणं असं, की जिथं ती 'आठवतंय' म्हणते तिथं कधीकधी शंका येते. जिथं ती कल्पना करते तिथं माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसतो. कारण तिथं ती स्वतःच्या ज्ञानाची सीमा दाखवते.

न्यायदर्शनात शब्दप्रमाणाची चर्चा येते. आप्त कोण? ज्यानं गोष्ट साक्षात जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. या कसोटीवर वडिलांच्या मृत्यूबाबत लुंग आप्त ठरत नाही. पण मराठीत आप्त म्हणजे नातलगसुद्धा ना! ज्यांनी पाहिलं ते मारेकरी. ते कशाला सांगतील? प्रेत नाही, तिथी नाही. अशा वेळी त्या माणसाला एकटं मरू द्यायचं नाही, शेवटच्या क्षणी मनानं तरी त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, हे नातलगाचंच काम.

आंगकारला नेमकं हेच नातं मोडायचं होतं. ते मोडलं नाही, एवढी साक्ष हे पुस्तक निःसंशय देतं. तेवढ्यासाठी ते वाचा. शंका आली तर ती बाजूला न सारता वाचा.