परिहार आणि अधिकार : वाकाटक ताम्रपटांचें एक वाचन

वाशीम येथें १९३९ सालीं उपलब्ध झालेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट आमच्या जऊळक्याच्या शेजारचा. त्याविषयीं ममत्व वाटणें साहजिक आहे. ममत्वानें वाचन बिघडतें, हेंही तितकेंच खरें. त्यांतील परिहारांस ‘मानवी हक्कांची सनद’ म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकानें शाळेंत कित्येक वर्षें तसेंच शिकविलें. तें चुकलें.

या पटांत वंशावळ संस्कृतांत व व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे. अंमल ज्यांनीं करावयाचा त्यांस कळावें, हाच हेतु असावा. परिहारांचें स्वरूप द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक येथील पटावरून अधिक स्पष्ट होतें. गांवांत भट व छत्र यांनीं शिरूं नये. बैल, फुलें, दूध, कातडें, कोळसा मागूं नये. आणि शेवटीं ‘सर्वविष्टिपरिहारपरिहृत’, म्हणजे सर्व वेठींपासून मुक्त.

मुक्त कोण? विशेषण ग्रामाचें आहे, माणसाचें नव्हे. आज्ञा राजपुरुषांस, दान ब्राह्मणांस. वेठ करणारा कुणबी दोहोंच्या बाहेर. राजाची वेठ सुटली म्हणजे प्रतिग्रहीत्याची सुटली असें होत नाहीं. रामशरण शर्मा यांनीं १९६५ सालीं अशा दानांत सरंजामशाहीचें मूळ दाखविलें. मिराशींच्या १९६३ च्या संपादनाचे ऋणी असलेल्या आम्हां वैदर्भीयांस तें रुचलें नाहीं, तरी नाकारतां येत नाहीं. वेठबिगारीस बंदी करणारें कलम २३ प्रत्येक व्यक्तीस लागू झालें तें १९५० सालीं.

तथापि चम्मकच्या पटांत एक अट आहे. एक सहस्र ब्राह्मणांनीं राज्यद्रोह, चौर्य, युद्ध वा अन्य ग्रामांचा अपराध करूं नये. केल्यास राजानें भूमि परत घेणें ‘अस्तेय’ होय. हक्काशीं कर्तव्य बांधण्याची ही रीत आफ्रिकी राष्ट्रांच्या १९८१ च्या सनदेंतही आहे. तिचें २२ वें कलम विकासाचा हक्क देतें, २७ ते २९ हीं कलमें कर्तव्यें सांगतात. परंतु तेथें दाद मागण्यास आयोग आहे, आणि १९९८ च्या मसुद्यानें न्यायालयही योजिलें. चम्मकला फिर्यादी राजा आणि न्यायाधीशही राजाच.

मग ‘अस्तेय’ हा शब्द घालण्याचें कारण काय? अट न मोडतां भूमि हिरावणें हें राजाचेंही चौर्यच ठरेल, ही शंका लेखकाच्या मनांत असल्यावांचून तो येत नाहीं. सनदेंतील खरें धन तें हें. परिहारांची लांबलचक यादी नव्हे.

ज्या संग्राहकांपाशीं वेठमाफीचे कागद असतील त्यांनीं माफी गांवास आहे कीं इनामदारास, एवढें पाहून मंडळास कळवावें.